नावाचा रकाना

नवरा गेल्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं आणि गावात बोंब झाली. फैजपूरजवळचं आमचं गाव, सगळी केळीवाली घरं. विधवा सून रोज एसटीनं जळगावला जाते आणि शेजारच्या सीटवर सासरा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसतो, हे तिथं कुणी पाहिलं होतं? माझे भाऊ दोनदा न्यायला येऊन गेले. "पोरीला घे आणि माहेरी चल. इथं आता तुझं कोण आहे?" माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही तेच म्हणायची. आबा माझ्या भावांना एवढंच म्हणाले, "तिले आधी नोकरी लागू द्या. मंग तिच्या मनानं ठरवू द्या."

नोकरी म्हणजे आमच्या भागातली केळी विकणारी सोसायटी. तिथं कॉम्प्युटर येणार होता आणि चालवायला माणूस हवं होतं. ती लागली तर मी राहणार, नाहीतर भाऊ नेणार. आणि मला जायचं नव्हतं, हे मी कुणाला बोलले नव्हते.

क्लास एका दवाखान्याच्या माडीवर होता. चपला बाहेर काढून आत जायचं. आबा खाली पायरीवर बसायचे. कॉम्प्युटरवर माहितीचे तक्ते मांडायचं फॉक्सप्रो शिकले मी तिथं, आणि खरं सांगते, जीव रमला माझा त्यात. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांचे मळे, दोघांना जोडणारा सभासद नंबर. एका माणसाचे चार मळे असले तरी माणूस एकदाच लिहायचा. "एक गोष्ट एकाच जागी," सर बजावून सांगायचे. अहो, माझ्या सासूबाई मिठाच्या बरणीबद्दल हेच सांगतात, त्यांनी कधी फी घेतली नाही!

सोसायटीच्या परीक्षेसाठी आपापल्या गावाची माहिती भरून न्यायची होती. मी भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडले. नाव. अर्धं गाव आमची भाऊबंदकी. सासऱ्याचं, चुलत सासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही. बोटानं घ्यायचं की नाही ते कुणी सांगितलंच नव्हतं, पण माझी बोटं काही घेईनात. मग मी इंग्रजी अक्षरांत कुठं आबा, कुठं नाना, कुठं भाऊ असं लिहीत गेले. विहिरीजवळचा मळा नवऱ्याच्या नावावर होता. तिथं रकाना कोराच ठेवला. लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं तेवढंच. आता काय कॉम्प्युटरसमोर उखाणा घेऊ?

तक्ते नंबरानं जोडलेले, त्यामुळे सगळं झकास चालायचं. नंबराचं बरं असतं, त्याच्यासमोर पदर घ्यावा लागत नाही. सरांनी जोडणी तपासून शाबासकी दिली. नावं काही त्यांनी वाचली नाहीत.

परीक्षेला सोसायटीच्या ऑफिसात सर, चेअरमन आणि दोन संचालक बसले होते. आबा दाराशी स्टुलावर. चेअरमन कौतुकानं म्हणाले, "चला ताई, आपल्या आबांचेच मळे काढून दाखवा. नाव टाका."

मी "आबा" टाकलं. पडदाभर आबाच आबा आले. संचालक फिस्सकन हसले. चेअरमन काही वाईट नव्हते, पण तेही म्हणाले, "असं कसं चालेल ताई? पावती कोणत्या आबाच्या नावानं फाडायची?" सर म्हणाले, "खरं नाव टाका की, त्यात काय?" त्यात काय! माझे कान तापले. मनात म्हटलं, झालं, बाई, भर आता ट्रंक.

आबा उठले. चपला काढून आत आले, टोपी सारखी केली.

"मी बोलतो, तू दाब."

"आबा, मला नाही जमायचं."

"नाव माझं हाये ना? मीच देतो तुले."

आणि त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव सावकाश सांगितलं, शाळेत हजेरी द्यावी तसं. मी एकेक अक्षर दाबत गेले. डोळे भरून आले होते. नंतर त्यांनी यादीतल्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे कोरं कायले?"

मी मान खाली घातली. मग त्यांना कळलं. तो गेल्यापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. सासूबाईसुद्धा नुसतं "तो" म्हणायच्या. आबांनी ते घेतलं. एकदा पुटपुटले, मग मोठ्यानं म्हणाले, मळ्यातून हाक मारावी तसं नुसतंच नाव. मी ते लिहिलं.

चेअरमन खाकरले. "बाकीची नावं आबांकडून घ्या आणि एक तारखेपासून कामावर या." मग जरा थांबून म्हणाले, "पण आबा, सोसायटीत मयताच्या नावानं मळा ठेवता येत नाही. तुमचं टाकायचं का?"

"तिचं टाका."

"आबा, माझे भाऊ येणार आहेत," मी म्हटलं.

"येऊ दे. केळं खाऊन जातीन. तू राहा नाहीतर जाय, मळा तुझाच."

म्हणजे आत्ताच लिहिलेलं नाव मला माझ्या हातानं पुसावं लागणार. बोट उचलेना. मग लक्षात आलं, आमच्यात बाईचं नाव कसं लिहितात ते. मी कर्सर मागं नेला. त्याच्या नावाच्या आधी माझं नाव लिहिलं, नंतर आडनाव. त्याचं एक अक्षरही पुसावं लागलं नाही.