माझा हुंकार, जावेचं कौतुक

आमच्या सासूबाई गोष्ट सांगू लागल्या की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायलाच पाहिजे. 'हूं, मंग?' म्हणणारं कोणी नसेल तर त्या भर गोष्टीत गप्प होतात, मग काही केल्या तोंड उघडत नाहीत. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या बायांची ही रीतच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात हुंकाराचं काम माझं. दुपारी आम्ही दोघी ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसायचो. त्या वाघाच्या, भुताखेताच्या गोष्टी सांगायच्या, मी हूं हूं करायची. सगळ्या मला पाठ आहेत.

मग दिवाळीत धाकट्या दिरानं त्यांना मोठा मोबाइल आणून दिला. तो आणि माझी जाऊ पुण्याला राहतात. आता दुपारी जावेचा व्हिडिओ कॉल येतो. ती तिकडून लिपस्टिक लावून 'आई, जेवलात का?' विचारते आणि इकडे सासूबाई पदर सारखा करतात. माझ्यासमोर कधी केला नाही हो. जेवण मी वाढलेलं, विचारपूस तिची. मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा, रेंज गेली की अंगणात न्यायचा, ही हमाली माझी. जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

परवा मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. दाराशीच मोबाइल टेकवून सासूबाई जावेला सांगत होत्या, की लग्नानंतर पहिल्यांदा मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या तेव्हा मामाजींशी, म्हणजे आमच्या सासऱ्यांशी, भांडण झालं आणि त्या वैनगंगेच्या वाळूतून एकट्याच चालत निघाल्या. माझा हात थांबला. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आणि मनातलं एवढं त्यांनी त्या वीतभर काचेतल्या बाईला सांगावं!

वाकून पाहिलं तर जाऊबाई आवाज बंद करून खाली मान घालून दुसऱ्याच मोबाइलवर बोट फिरवत होती. सासूबाईंची नजर अधू, त्यांना काय दिसणार? त्या हुंकारासाठी थांबल्या. हुंकार आला नाही. आता या गप्प होणार, गोष्ट इथेच संपणार, या भीतीनं दाराआडून माझ्याच तोंडून निघालं, "हूं, मंग?"

"मंग काय," म्हणत त्या पुढे निघाल्या. त्या भर नदीत पोचेपर्यंत मी हुंकार देत राहिले. तेवढ्यात रेंज गेली. सासूबाईंनी मोबाइल पदरानं पुसला आणि मला हाक मारून म्हणाल्या, "पाय बरं, लहानी कशी मन लावून आयकते. तुह्यासारखं नाई, तुहं ध्यान सारं चुलीत."

हूं मी म्हणत होते असं सांगितलं असतं तर 'जळून राह्यली' म्हणाल्या असत्या. आणि तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी डाळ निवडायचं सूप घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "बाई, मंग मामाजी तुमच्या मागं आले का?"

त्या हसल्या. "तुले काय सांगाचं? तू तं घरातलीच होय. लहानीले अर्धी सांगतली, तिचा फोन आला का पुरी करीन."

तेव्हापासून जावेच्या फोनची वाट त्यांच्यापेक्षा जास्त मीच पाहते आहे. त्या मेलीला सवडच नाही.