ह्यांना गोल्फ क्लब पसंत पडेना

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता मी टिटवाळ्याच्या पुढे एका गोल्फ क्लबात उभी होते. हो, मीच... डोंबिवलीच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेली, आणि गोल्फमधलं ओ की ठो न कळणारी.

गोल्फ आमच्या ह्यांचा. कंपनीने चार वर्षं केनियाला पाठवलं होतं, तिथे शिकून आले. पुढे मानपाड्याच्या फॅक्टरीत नोकरी, घर दोन खोल्यांचं, पण गोल्फची बॅग काही माळ्यावर गेली नाही. नंतर ठाण्याचे देशमुख भेटले आणि त्यांचे पाहुणे म्हणून हे दर रविवारी त्यांच्या क्लबात खेळायला लागले.

मागच्या वर्षी देशमुख मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि खेळ बंद पडला. हे दिवसभर घरात... पेपर, खिडकी, पुन्हा पेपर. काही विचारलं की खेकसायचे. शेवटी मीच मनावर घेतलं की ह्यांना एखाद्या क्लबाचं मेंबर करायचंच.

पहिला क्लब घोडबंदर रोडकडचा. चकाचक लॉबी, जिम, स्विमिंग पूल... ह्यांनी गाडीतून उतरतानाच नाक मुरडलं. म्हणाले, हा क्लब नाही, लग्नाचा हॉल आहे.

दुसरा शिळफाट्याच्या बाजूला, नव्या टॉवर्सच्या मागे. मैदान गालिचा अंथरल्यासारखं, झाड म्हणाल तर एकही माझ्या खांद्यापेक्षा उंच नाही. ह्यांनी तिथे दोनच फटके मारले आणि बॅग उचलली. कारण काय, तर म्हणे वारा फार आहे! पान हलत नव्हतं हो... मला एका चहापोह्यात पसंत केलेला माणूस, आणि क्लबासाठी हे नखरे!

टिटवाळ्याच्या क्लबाचं नाव एका शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. हे यायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, मी एकटी जाऊन बघते. मग आले.

आत शिरले आणि मी तर गोल्फ विसरलेच. जुना, नऊ होलचा क्लब, कौलारू ऑफिस, वेताच्या चार खुर्च्या. आणि झाडं! करंज, जांभूळ, शिरीष, एक अवाढव्य आंबा... मैदानात झाडं नव्हती, झाडांमधून मैदान वाट काढत होतं. सेक्रेटरी पाटील, सत्तरीचे असतील, म्हणाले, "आधी खेळून बघा साहेब, फॉर्म कुठे पळून जातोय. वहिनी, तुम्ही पण फिरून या."

मी झाडं बघत ह्यांच्या मागून निघाले. ह्यांनी पहिला फटका मारला. आवाज इतका छान आला की मलासुद्धा कळलं, मस्त बसलाय.

पण हे पुढे जाईनात. तसेच उभे. मला वाटलं, स्वतःच्या फटक्यावर खूश झालेत. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं... कुठे गेला?"

"त्या करंजाच्या डावीकडे, दहाएक पावलांवर," मी सहज बोलून गेले. हे सरळ चालत गेले आणि बॉल मिळाला. दुसरा शिरीषाच्या अलीकडे, तिसरा जांभळाच्या सावलीत... प्रत्येक वेळी हे उभे, आणि मी सांगतेय.

चौथ्या वेळी मी जागा सांगितली नाही. जवळ गेले आणि विचारलं, "अहो, कधीपासून?"

"दीड वर्ष झालं," म्हणाले. "झाड दिसतं. बॉल दिसत नाही. देशमुख सांगायचा."

ह्यांना काचबिंदू आहे हे मला माहीत आहे. रोजचे थेंब मीच घालते. कसं दिसतंय विचारलं की 'एकदम मस्त' म्हणायचे, आणि मी पुढच्या कामाला लागायचे. देशमुखांना माहीत, आणि मला नाही! फार लागलं ते... पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग गिळला. त्या नव्या क्लबात बॉल शोधत चारचौघांत उभं राहावं लागेल, या भीतीने हा माणूस वाऱ्याला नावं ठेवत होता. आणि तिथे मी तरी काय सांगणार होते? सगळीकडे नुसतं हिरवं.

नऊ होल पूर्ण करून ऑफिसात आलो. पाटील फॉर्म पुढे करत सहज म्हणाले, वहिनी रोज येणार का बरोबर? मी काहीतरी सारवासारव करणार होते, एवढ्यात हेच बोलले. पेन हातात धरून, खाली बघत.

"मला बॉल दिसत नाही. ही सांगते."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी परक्या माणसासमोर स्वतःचं काही उणं कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी पाटलांकडे बघितलं... आता ते काय म्हणतात!

पाटील मोठ्याने हसले. "काय साहेब तुम्ही पण! इथे निम्म्या लोकांना दिसत नाही. मला कुठे दिसतो? म्हणून तर आम्ही चौघं चौघं जातो. कुणाला तरी दिसतोच!"

हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा असे, खांदे हलवत. आणि भराभर फॉर्म भरायला लागले. मी उगाचच बाहेर जाऊन आंब्याचा बुंधा बघत उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते.

आता येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार. मी असेन तोपर्यंत मी सांगेन कुठे गेला ते... आणि मी नसेन त्या दिवशीही ह्यांना सांगणारं तिथे कुणीतरी असेल. मला अजून काय हवं होतं?