मशेरी सोडायची तर आधी चावी द्या

आमच्या कॉलेजातल्या गटाने काढलेल्या पहिल्या पत्रकात आरोग्याचे दहा नियम होते आणि त्यातले सात मी लिहिले होते. वेळेवर जेवा. दिवसाला आठ ग्लास पाणी प्या. तंबाखू, विडी, मशेरीला घरात थारा देऊ नका. सात-आठ तास झोप घ्या. मन प्रसन्न ठेवा. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, सायक्लोस्टाईलची शाई नखांतून निघत नव्हती, आणि रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायका आजारी पडतात त्या केवळ त्यांना कुणी सांगितलेलं नाही म्हणून, अशी माझी खात्री होती. हे आज लिहायला मला लाज वाटत नाही. चूक केली ती केली. लपवून ती बरोबर होत नाही.

आमची वाडी भाट्याच्या खाडीलगत. घरटी एक होडीवर जाणारा पुरुष आणि घरटी एक मासळी विकणारी बाई. माझी आई त्यातलीच. पहाटे चारला उठायची, बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसायची, ती दुपारी दोन-अडीचला घरी. तिच्या कष्टांवर मी शिकले, हे वाक्य शिकलेली प्रत्येक मुलगी लिहिते. मीही लिहिते आणि पुढे जाते.

आमच्याकडच्या बायका मशेरी लावतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं आणि चिमूटभर बोटावर घेऊन दातांना चोळायचं. सकाळी एकदा म्हणता म्हणता दिवसातून सात-आठदा होतं. याच मशेरीविरुद्ध एका रविवारी मी शेजारच्या वाडीत बोलत होते. अंगणात सुकट वाळत पडलेली, पाच-सहा बायका ती निवडत बसलेल्या. मी पत्रक वाचून दाखवलं. मशेरीने तोंडाचे रोग होतात, म्हटलं. त्यांच्यातली एक म्हातारी काकी मान वर न करता म्हणाली,

"तुझ्या आवशीच्या तोंडात काय हाय ता बघून ये आदी. मंग आमची तोंडं उघडाय ये."

बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "अगो, तिची आवस दोन डब्या ठेवते. एक घरची, एक बाजारची."

मी पत्रकं आवरली आणि तडक घरी आले. आई जेवून आडवी झाली होती.

"आये, तोंड उघड."

"कशाला? मी काय इकायला काढलेली म्हैस हाय?"

पण उघडलं. डाव्या गालाच्या आत, जिथे ती चिमूट धरून ठेवायची तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता. खरखरीत. किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाली, "असंल वरीसभर. तिखट झोंबतं, बाकी काय नाय."

वरीसभर माझी आई कालवण न घेता भात खात होती आणि घरातल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं? ती सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायची. आणि मी गावोगाव फिरून "आपल्या माणसांच्या तब्येतीकडे लक्ष द्या" असं लोकांना ऐकवत होते.

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. "मशेरी आज सोडली तर हा चट्टा जाऊ शकतो. नाही सोडली तर पुढे काय होतं ते मी सांगायला नको. तीन महिन्यांनी परत दाखवा." येताना आई म्हणाली, "पोरगा चांगला हाय. पण त्येला पाटी उचलायची नाय."

घरी येताच मी दोन्ही डब्या खाडीत फेकल्या. मोठं काम केल्यासारखं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. चौथ्या दिवशी ती बाबांवर कारण नसताना ओरडली आणि मग चुलीपुढे बसून रडली. मी तिला माझ्या पत्रकातला शेवटचा नियम ऐकवला. मन प्रसन्न ठेव. ती म्हणाली, "मन काय दारातली चप्पल हाय? ठेव म्हटल्यावर ठेवली?" पाचव्या दिवशी बाजारात तिला घेरी आली. बाजूला बसणाऱ्या बाईने तिला घरी आणून सोडलं. सहाव्या दिवशी मला जाग आली ती तंबाखू भाजल्याच्या वासाने.

मी उठून चुलीपाशी गेले आणि बोलायला लागले. कर्करोग, इच्छाशक्ती, घरच्यांचा विचार, जे जे पत्रकात छापलं होतं ते सगळं. तिने ऐकून घेतलं. तवा खाली उतरवला. मग म्हणाली,

"तुला काय वाटतं, चव लागते म्हणून लावते? पहाटे चिमूट लावली की पोट साफ होतं. उजाडायच्या आत किनाऱ्यावर जाऊन यायला लागतं का नाय? उजाडल्यावर कुठं जाऊ, तुझ्या कॉलेजात? मंग बाजारात बसलं की दोन वाजेस्तोवर उठायचं नाय. तिथं बायकांना जायला जागा नाय. म्हणून पाणी प्यायचं नाय. खाल्लं की पाणी लागतं, म्हणून खायचं नाय. मंग पोटात आग पडते, ती मारायला परत चिमूट. आता सांग, तू शिकलेली हायस. यातलं पयलं काय सोडू?"

मी आठ ग्लास पाणी लिहिलं होतं. ते पाणी बाईने उतरवायचं कुठे, हे लिहिलं नव्हतं. वेळेवर जेवण, पाणी, मशेरी, मन, माझे सगळे नियम एका संडासापाशी येऊन अडत होते. आणि मी दोष कुणाला देत होते? तिच्या सवयीला, तिच्या अज्ञानाला. तोंडात चट्टा तिच्या, आणि उपदेशही तिलाच.

त्या दिवसापासून मी बायकांना उपदेश करणं बंद केलं. ज्यांनी जागा अडवून ठेवली आहे त्यांच्याकडे वळले. सुरुवात घरापासून.

बाबांना म्हटलं, मागच्या अंगणात खड्डा खणून संडास बांधायचा. ते जाळं दुरुस्त करत होते. म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळेपासून कुणाचं अडलं नाय."

"अडलं होतं, बाबा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

"मागं जाळी वाळत घालतो. ती कुठं घालू?"

"पुढच्या दारी घाला. जाळ्यांना लाज वाटत नाही."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कुदळ घेऊन एकटीच खणायला लागले. आमच्याकडची जमीन जांभ्याची, हातभर खणून माझ्या हातांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारातून आली, तसे बाबा तिला अंगणात उन्हात घेऊन गेले आणि म्हणाले, "उघड बघू." तिने आ केला. त्यांनी वाकून आत बघितलं. मग माझ्या हातातली कुदळ घेतली. बापाने शहाणपणा केला म्हणून त्याची आरती ओवाळावी असं मला वाटत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर बायकोच्या तोंडात डोकावलं, यात कौतुक कसलं? पण खड्डा त्यांनी पुरा केला. चिरे रचले, दार लावलं. एवढं मान्य करते.

मला वाटलं, आता सुटलं. आई म्हणाली, "आडोसा झाला. पण चिमटीच्या जागी पोटात काय घालू? पेज कोण करणार? चारला मी उठते, त्याच्या आधी कोण उठणार?"

सात-आठ तास झोप घ्या, असं लिहिणारी मी साडेतीनला उठायला लागले. तांदळाची पेज, बरोबर भाजलेला सुका मासा. पहिले आठ दिवस ती दोन घोट घेऊन भांडं खाली ठेवायची, घशाखाली उतरत नाही म्हणायची. रिकाम्या पोटी राहायची सवय इतकी मुरलेली की अन्नच परकं झालेलं. मग हळूहळू भांडं रिकामं व्हायला लागलं. चिमटीची आठवण झाली की तोंडात बडीशेप टाकायची. त्या दिवसांत तिचा पारा सारखा चढायचा. कुणाच्या घरात कुणी तंबाखू सोडत असेल तर माझं एक ऐका. पंधरा-वीस दिवस त्या माणसाचा राग अंगावर घ्या आणि त्याला सुविचार ऐकवू नका. तो राग तंबाखूचा असतो, माणसाचा नसतो.

राहिला बाजार. बाजाराच्या मागे संडास होता. चांगला चिऱ्याचा, पाण्याची टाकी असलेला. त्याला कुलूप होतं आणि चावी बाजाराच्या कारकुनाच्या टेबलाच्या खणात. कारकून जायचा, व्यापारी जायचे. मासळीवाल्या पंधरा-वीस जणी समोर बसून ते वर्षानुवर्षं बघत होत्या. तुम्हाला चावी देत नाहीत का, असं मी आईला विचारलं तर म्हणाली, "मागितली कुणी? गड्याकडं चावी मागायची म्हणजे कशाला जाते ता सांगायचं." एवढंच. बंदरावर लिलावात भर गर्दीत गड्यांशी कचाकचा भांडणाऱ्या बायका या, आणि एका चावीपुढे त्यांची जीभ अडत होती. त्या न बोलण्याची किंमत माझी आई गालाच्या आत चुकवत होती.

मी मोर्चा काढायचा म्हटलं. तिने साफ नाही म्हटलं. "तू वरडून जाशील. दुसऱ्या दिवशी तिथं मला बसायचं हाय." शेवटी एका सकाळी दुसरी पाटी घेऊन मी तिच्याबरोबर गेले, तोंड उघडायचं नाही या अटीवर.

नऊच्या सुमाराला ती लोटाभर पाणी प्याली. सगळ्यांदेखत, सावकाश. आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. तासाभराने ती उठली, हात धुतले, पदर खोचला आणि कारकुनाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तो वर्तमानपत्र वाचत होता.

"चावी द्या."

"कसली?"

"मागच्या संडासाची."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "मावशी, तो पुरुषांचा आहे."

"दारावर लिवलंय?"

"लिहिलेलं नाही. पण रीत आहे."

"माझ्या तोंडात चट्टा हाय. डाक्तर म्हणतो मशेरी सोड. मशेरी सोडायला पेज खाल्ली, पेजेवर पाणी प्याले. आता चावी द्या, नायतर हितंच बसते, तुमच्या टेबलामागं."

मागून एक आवाज आला, "बस गो. आमी पाट्यांचा आडोसा धरतो." सगळा बाजार हसला. कारकुनाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खण ओढला आणि चावी टेबलावर ठेवली, हातात दिली नाही.

आई जाऊन आली आणि चावी बाजूच्या बाईच्या हातात दिली. ती गेली. मग तिसरी. काही जणी नुसत्या बघून आल्या, आत कसं आहे ते. बाराच्या सुमाराला कारकून स्वतः उठून आला आणि चावी मागायला लागला. आईने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली होती.

"आमच्यातल्या अजून चौघी व्हायच्या हायत," ती म्हणाली. "आणि उद्यापासून माझ्याकडंच राहू दे. तुमचं अडलं तर मागा. लाजू नका."

मी अट पाळली. माझ्या कुठल्याही पत्रकात इतकं चांगलं वाक्य नव्हतं.

तीन महिन्यांनी डॉक्टरने तोंड बघितलं. चट्टा अर्ध्यावर आला होता. शिमग्यात पाहुण्यांच्या संगतीने तिने दोनदा मशेरी लावली होती, ते तिने स्वतःच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाला, दोनदाचं ठीक आहे, तिसऱ्यांदा नको. अजून दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. चट्टा पूर्ण गेलेला नाही. तो जाईल असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. पण ती सकाळी खाते, दिवसा पाणी पिते, उजाडेल या धास्तीने झोपेतून दचकून उठत नाही. दुपारी घरी आल्यावर तिला बोलायला जीव असतो.

बाजारवाल्यांनी मधे दोनदा निरोप पाठवला, चावी परत करा म्हणून. बायकांनी केली नाही. एक दिवस बाजार झाडणाऱ्या बाईने येऊन सांगितलं की आता ते कुलूपच बदलणार आहेत. मी लगेच निवेदन लिहायला कागद घेतला. आई पाटी पालथी घालून पाणी झटकत होती.

"कधी बदलणार म्हणाली?"

"सोमवारी."

"मंग सोमवारी आमी जरा लवकर जातो," ती म्हणाली. "नवं कुलूप लागायच्या आधी दाराची कडीच काढून आणतो."