मस्टरवर सही करणारा चोर

ती केस आठवली की मला अजून हसू येतं. लॉकडाऊनचे दिवस. मी तेव्हा चाकणच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. कंपन्या बंद, परगावचे कामगार गावी गेलेले, आणि आम्ही नाकाबंदीवर लोकांना ओरडून घसा बसवून घेतलेला.

एके दिवशी एका कंपनीच्या वॉचमनचा फोन आला. "साहेब, शेजारच्या बंद वर्कशॉपमध्ये रोज सकाळी कोणीतरी भिंत चढून जातंय. हातात पिशवी असते." वर्कशॉपचे मालक आकुर्डीला घरात अडकलेले. त्यांना कळवलं तर ते भडकलेच. "धरा त्याला, मी फिर्याद देतो!"

दुसऱ्या दिवशी सापळा लावला. आठच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस भिंतीवरून उतरून मागच्या खिडकीतून आत शिरला. तासाभराने बाहेर पडताना त्याला धरला. पिशवीत तेलाचा डबा आणि चिंध्या. ठाण्यात आणल्यावर कळलं, तो तिथलाच, लोखंड कातणाऱ्या लेथ मशीनचा ऑपरेटर, जवळच्या गावातला.

"आतापर्यंत काय काय नेलंस?" मी दरडावलं.

"काय बी न्हाई, साहेब."

"मग आत काय करत होतास?"

तो एवढंच म्हणाला, "शेटना माजं नाव सांगू नका. नोकरी जाईल."

सराईत चोर विचारायच्या आधीच दहा थापा मारतो. हा एकही मारेना, म्हणून हा खरंच चोर आहे का, अशी मला शंका आली. तेवढ्यात पंचनाम्याला गेलेले आमचे हवालदार हजेरीचं मस्टर घेऊन परतले. "साहेब, हा कसला डोंबलाचा चोर! रोज सही करून आत गेलाय!"

खरंच, लॉकडाऊन लागल्यापासून एकट्या त्याचीच सही, रोजची. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग तो बोलला. "लेथ पडून राहिला की गंजतो, जाम होतो. शेट म्हनाले, कुणी फिरकायचं न्हाई. पन वीस वर्षं आमी त्याच्यावर पोट भरलं, साहेब. तेल घालतो, हातानं फिरवतो, पुसून ठेवतो."

"अरे बाबा, पण सही कशाला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सही न करता आत गेलो तर ती चोरीच की!"

मी मालकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते हळूच म्हणाले, "फिर्याद नको, साहेब. मी किल्ली पाठवतो. त्याला बाहेर पडायचा पास मिळेल का?" मी खटपट करून पास मिळवून दिला आणि पुन्हा भिंत चढलास तर याद राख, असा दमही भरला.

वर्कशॉप उघडलं त्या दिवशी त्याचा फोन आला. "साहेब, पहिल्याच बटनाला चालू झाला! ऐका, ऐका!" त्याने फोन मशीनजवळ धरला. भर ठाण्यात मी ती घरघर ऐकत बसलो. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत रस्त्यावर दिसला तो बेफिकीर, असं मी धरूनच चाललो होतो. कित्येकांवर उगाच खेकसलो. "बाहेर का पडलास?" हे मी रोज विचारत होतो. उत्तर ऐकून घ्यायला मात्र मी त्या माणसामुळे शिकलो.