पाइप फुटायच्या आत

"मोटर बंद करा!" मी ओरडले, पण नवऱ्यानं आधीच बंदचं बटण दाबलं होतं. प्रेशरचा काटा अजून लाल पट्ट्यात थरथरत होता. मागच्या आठवड्यात ह्याच प्रयोगात पाइपाचा जॉइंट उडाला होता आणि डाळिंबाच्या दोन ओळी चिखलात गेल्या होत्या.

"आता एकदाच," हे म्हणाले. "न्हाय जमलं तर क्लास बंद, अन् हे डबडं माळ्यावर."

क्लास म्हणजे बारामतीतला पायथन प्रोग्रॅमिंगचा. आमच्या कन्हेरीहून एसटीनं जायचं आणि माझ्या पोराच्या वयाच्या मुलांत बसायचं. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप बदलणारा हा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. लॅपटॉप एकही चूक दाखवत नव्हता, अन् इकडं पाइप फुटायला आलेला. असला संताप आला होता! मशीनचा, ह्यांचा, सगळ्यात जास्त माझा. ओळी तोंडपाठ होत्या, पण त्या मिळून काय करतात ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. क्लास एकदा सुटला की परत कुणी जाऊ देणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यात लाईट जायला थोडाच वेळ उरलेला.

"लिवलंयस तरी काय त्यात? मराठीत सांग," हे खेकसले.

"पहिला व्हॉल्व्ह बंद कर. जरा थांब. मग दुसरा उघड."

बोलताना माझे हात हवेतच चालत होते, रोज बागेत चालतात तसे. आधी दुसरा व्हॉल्व्ह उघडत होते, मग पहिला बंद करत होते. तोंड एक सांगत होतं, हात दुसरंच.

आम्ही नुसतं 'व्हॉल्व्ह बदल' म्हणतो. आधी पुढचा उघडायचा, हे कुणी सांगत बसत नाही. मशीनला मात्र मी सांगेन तेवढंच कळणार, सांगेन त्याच क्रमानं. वरची ओळ झाल्याशिवाय खालची नाही. मी थांब म्हटलं म्हणून ते बापडं दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून थांबत होतं, आणि मोटर पाणी ढकलतच होती. अगं बाई! एवढंच होतं होय!

लॅपटॉप घेऊन मोटरच्या शेडात पळाले. ओळींची अदलाबदल केली. मोटर सुरू केली. दुसरा व्हॉल्व्ह उघडला, थोड्या वेळानं पहिला मिटला. काटा हिरव्या पट्ट्यातून हलला नाही.

ह्यांना पटेना. "कुणाला फोन लावला व्हतास? सरांना?"

"कुणाला न्हाय," मी म्हणाले. "माझं मला कळलं." आणि तिथंच शेडाजवळच्या बांधावर बसून ढसाढसा रडले.