आधी गप्प पेशंट बघायचा

"पोरगी गुणाची हाय गं, पन तोंडात जीबच न्हाई. पेशंट हिचं ऐकत्यात तरी का?"

कुंडलच्या स्वयंपाकघरात सासूबाई चुलतसासूंना विचारत होत्या. मी दाराआड, हातात रिकामे कप. खरं सांगायचं तर ऐकत नाहीत! लग्नानंतर मलकापूरला हायवेलगतच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून लागले, तेव्हापासून मीच ऐकतेय. कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. मध्ये बोलून तो ते मोडत नाही ना!

*

पहिल्याच आठवड्यात जीप उलटली. एकजण पाय धरून छत फाटेल असा ओरडत होता, दुसरा कोपऱ्यात शांत पडलेला. मी ओरडणाऱ्याकडे धावले. आमचे हाडांचे सर म्हणाले, "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प, त्याच्याकडे आधी!"

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. "मग सर, मॅडमनाच ॲडमिट करू का?"

*

म्हसवडकडचा एक मेंढपाळ आला, नडगी मोडलेली. पायाला जोंधळ्याची ताटं पटक्यानं बांधलेली. वाटेत निम्मी मोडली होती. सर वैतागले, "अहो, हातात एवढी काठी असते तुमच्या, ती नाही का बांधायची?"

"मेंढराचाबी पाय मोडलाय सायेब, काठी त्येला बांधली."

"आणि तुम्ही?"

"मला वरडाय येतंय की!"

*

एक आजी घसरून पडल्या. दुखतोय गुडघा, आणि सरांनी एक्स-रे सांगितला खुब्याचा. मुलगा तापला. "आवं, दुखतंय कुटं, फोटू काडताय कुटं?" पण फोटोत खुब्याचंच हाड मोडलेलं! खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, हे मी त्याला समजावणार, तोवर आजीच म्हणाल्या, "तुज्या बायकूगत हाय रं ह्ये दुखनं. ऱ्हातंय हितं, गाऱ्हानं सांगतंय माहेरात!"

*

मुलगी बघायला निघालेला एक तरुण बाइकवरून पडला. अशा वेळी पँट ओढून काढत नाही, कापतो. मोडलेलं हाड हलू नये आणि लपलेली जखमही दिसावी म्हणून. मी कात्री लावली. पेशंट मुकाट. शेजारचा मित्र मात्र कळवळला, "मॅडम, जरा शिवनीवरनं कापा की, प्यांट माजी हाय!"

*

आणि मग एका सकाळी स्ट्रेचरवर सासूबाईच आल्या! गोठ्यात घसरून हात टेकला, मनगट मोडलं. सोबत मामा, म्हणजे सासरे, लष्करातून निवृत्त. चुलतसासू आणि निम्मी आळी. सूज चढत होती, काचेच्या बांगड्या मांसात रुतलेल्या, बोटांची टोकं निळसर.

"बांगड्या काढाव्या लागतील," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही.

सिस्टरनं पक्कड आणली, तशा चुलतसासू आडव्या आल्या. "आवं, सवाशिनीच्या बांगड्या फोडत्यात व्हय? कासाराला बोलवा, त्यो अल्लाद सोडवंल!"

सासूबाईंनी मोडका हात छातीशी घट्ट धरला. "ह्यांच्या डोळ्यांदेखत? मेले तरी न्हाई!"

मामा पंख्याकडे बघत उभे. कुणी कासाराला फोन लावला. तो म्हणे इस्लामपूरला, यायला वेळ लागेल. मी बोटं दाबून बघितली. गार पडत चालली होती. रक्त पोचत नव्हतं. कासार येईपर्यंत बोटं वाट बघणार नव्हती.

मी मामांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि बीपीचा पट्टा गुंडाळला.

"आगं, हात हिचा मोडलाय!" मामा म्हणाले.

मी कानात नळ्या घालून शांतपणे बीपी घेतलं. मग नाडी बघितली. सगळी आळी गप्प! मग मी पक्कड हातात घेतली आणि बांगड्यांखाली हळूच गॉज सरकवला.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, कॅज्युअल्टीच्या पार दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मामा ठणठणीत आहेत, आत्ताच तपासलेत! आता हात द्या, बोटं मरायला लागलीत!"