बिब्ब्याऐवजी बटण

भडगावात गिरणा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत गेल्या सदतीस वर्षांत जे जे जन्मलं, त्याला पहिली आंघोळ मंदाबाईनं घातली आणि पहिला टोमणाही तिनंच मारला. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं आणि तेल जिरवता जिरवता बोलत राहायचं. "रड रे राजा, रड. तुझ्या बापाचाबी नुसता गळाच होता!" बाप दारात उभा असे. त्यालाही तिनंच रगडलेलं, त्यामुळे बिचारा काय बोलणार?

मंदाबाईचं शास्त्र एका ओळीचं होतं: झाडापासून आलेलं कुणाचं वाईट करत नाही. त्यामुळे बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ, हळद, साय आणि लिंबाचे चार थेंब, लव निघेपर्यंत. स्वतःच्या हातांना रिठ्याचं पाणी, कडुनिंबाचा काढा आणि वर पिळलेल्या लिंबाची साल. दिवसाला सहा-सात घरं, म्हणजे हे सगळं सहा-सात वेळा. तिचा नवरा हिलालनाना शिंपी. जन्मभर कापड हाताळून त्यांचे तळवे लोण्यासारखे मऊ, आणि बायकोचे तळवे कानशीसारखे. "तुना हात शे का कोशिंबीर?" असं ते विचारत, आणि मंदाबाई त्यांच्या अंगावर ओला पंचा फेकी.

या थंडीत तिच्या तळव्यांना भेगा पडल्या. नेमकी तिची एकुलती एक लेक शीतल चाळीसगावहून पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरायला तीन आठवडे. गावाची शेकडो पोरं न्हाऊ घातली, आता आपल्या रक्ताचं पोर या नडग्यांवर येणार, या एका विचारात बाई तरंगत होती. पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून काळे बिब्बेही आणून ठेवले होते. तेच समोर दिसले. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचं तेल सोडतात, मग तळव्याच्या भेगेत का नको? तिनं एक बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि गळणारं काळं तेल दोन्ही तळव्यांत सोडलं.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. हात भाकरीसारखे फुगले, फोड आले, त्यांतून पाणी गळायला लागलं.

आता गल्लीला काय, हसायला निमित्तच हवं होतं. लोकांच्या सोयरिकीत बिब्बा घालण्यात मंदाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. "बाईनं सगळ्यांच्या कामात बिब्बा घातला, शेवटी स्वतःच्याच हातात घातला!" पानटपरीवर हे वाक्य आठवडाभर चाललं. हिलालनाना घरी सांगत, "बठ्ठं गाव हासस व!"

"हासू द्या. पन पोरगीनं पोर मीच धुवसू."

तेवढ्यासाठीच ती धुळ्याला कातडीच्या डॉक्टरकडे जायला तयार झाली. डॉक्टर चारुलता मूळच्या सावद्याकडच्या, केळीवाल्या घरातल्या, बोलायला सडेतोड.

"काय काय लावून राहिल्या तुम्ही?"

मंदाबाईनं अभिमानानं यादी दिली. रिठा, निंब, लिंबू, हळद, शेवटी बिब्बा. "बठ्ठं झाडपाल्याचं, डॉक्टरबाई. केमिकल एक नाही."

"बिब्बा काय कारखान्यात होतो का, मावशी?"

मंदाबाईनं यादी बोटांवर पुन्हा मोजली आणि बिब्ब्यापाशी अडकली. हिलालनाना जोडीला होते, त्यांनी हा क्षण पुढं किती जणांना सांगितला याचा हिशोब नाही.

डॉक्टरांनी कागदावर विटा काढल्या. कातडीचा वरचा थर असा विटांचा आणि मधला गारा चरबीचा. रोज रिठा, लिंबू, गरम पाणी झालं की गारा धुऊन जातो. मग आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं वाट्टेल ते आत शिरतं. झाड चांगलं की वाईट हा प्रश्न नाही, कोणतं, कुठं आणि किती हा आहे. खोबरेलही झाडाचंच, ते या गाऱ्याला सांभाळून घेतं. मग त्यांनी मलम दिलं आणि सांगितलं, "सव्वा महिना पाण्यात हात नाही."

सव्वा महिना! बाळंतिणीच्या न्हाण्याचा जेवढा काळ, बरोब्बर तेवढा. मंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसता येईना, हातांना पट्ट्या.

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. एका गावात जुनी धाब्याची घरं दिसली, मातीच्या सपाट छपरांची, आणि ती एकदम म्हणाली, "अहो, खारी!"

"काय?"

"विटा नि गारा माले काय समजना नही. पन हाई तर खारी शे!"

आठ वर्षांची असताना आईला खूश करावं म्हणून तिनं माहेरचं धाबं चकचकीत झाडून काढलं होतं. वरची सगळी खारी माती खाली. ती माती पाणी अडवण्यासाठीच पसरलेली असते, हे पोरीला कुठं ठाऊक? त्या वर्षी बाजरीच्या कणगीवर धार लागली आणि आईनं असं बदडलं की अजून पाठ आठवते. तसंच आपण हातावरचं धाबं रोज झाडत आलो.

मग दोन थांबे गेल्यावर तिला दुसरी गोष्ट सुचली. पोरांच्या अंगावरचंही आपणच झाडलं का?

घरी गेल्यावर ती आधी समोरच्या सरिताकडे गेली. सरिताचा तीन महिन्यांचा मुलगा अंगावर लाल चट्टे घेऊन रडायचा. मंदाबाईनं निदान केलं होतं, "तू शेंगदाणे खातेस, दुधातून उतरतात." सरितानं शेंगदाण्याची चटणी सोडली. खान्देशात चटणीशिवाय जेवणं म्हणजे शिक्षाच की ती! आता तिच्या मांडीवर बाळ हसत होतं. गाल स्वच्छ.

"कधी बरं झालं गं?"

"तुम्ही यायच्या बंद झाल्या ना मावशी, तेव्हापासून..." सरितानं जीभ चावली.

मंदाबाई तशीच घरी आली. हात बांधलेले, म्हणून शीतलला कुटायला लावलं आणि वाटीभर चटणी घेऊन पुन्हा सरिताच्या दारात. "खा. तुझ्या दुधाचा दोष नव्हता, माझ्या पिठाचा होता." आणि वर, "अशी बघू नको, माफी मागायची सवय नाही मला." सरितानं तिथंच बोट चटणीत बुडवून चाटलं. दोघी हसता हसता रडल्या, हे गल्लीतल्या निदान तीन खिडक्यांनी पाहिलं आहे.

शीतलला मुलगी झाली. मंदाबाईच्या तळव्यांवर तेव्हा नवी गुलाबी कातडी जेमतेम धरत होती. न्हाऊ कोण घालणार? कुणाला बोलवायचं म्हटलं की मंदाबाई नाक मुरडी: हिचे हात रुक्ष, तिची नखं लांब. शेवटी तिची नजर शिवणयंत्रावर गेली.

"अहो, दाखवा बरं हात."

असा पराक्रम भडगावात याआधी कुणी ऐकला नसेल. हिलालनाना धोतर खोचून पाटावर, नडग्यांवर नात, आणि शेजारी बायको हात मांडीत घेऊन हुकूम सोडतेय. "मान धरा. कापड नाही ते, ओढू नका! पीठ नाही, लिंबू नाही. कोमट पाणी. कोपर बुडवून बघा आधी. टिपा, पुसू नका. आता खोबरेल, थोडं!" नाना घामाघूम, नात शांत. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया चहाचं निमित्त काढून बघायला येऊ लागल्या.

बारशाला पाळण्याचा प्रश्न निघाला. उरलेले बिब्बे मंदाबाईनं कधीच फेकले होते. उतलेली वस्तू पोराच्या आसपास नको. पण दृष्ट? नानांनी डब्यातून कोटाचं एक मोठं काळं बटण काढलं, दोऱ्यात ओवलं आणि पाळण्याच्या वरच्या दांडीला, पोरीच्या हाताला न लागेलसं, घट्ट बांधून टाकलं.

"नजरले काय समजस, बिब्बा शे का बटन?"

मंदाबाईनं ते बटण बोटानं हलवून पाहिलं, घट्ट होतं. सत्तेचाळीस वर्षांचा संसार. या माणसाला तिनं कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली. हळू म्हणाली, पण नानांनी तीनदा "काय? काय?" करून पुन्हा वदवून घेतलं.

सव्वा महिन्यानं धुळ्याहून फोनवर परवानगी मिळाली. मंदाबाईनं तळव्यांना आधी खोबरेल लावलं, पाटावर बसली, पाय लांब केले. नात नडग्यांवर आली. आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून एक टोमणा निघेना. ती नुसती स्वतःच्या बोटांकडे आणि त्यांच्याखालच्या त्या इवल्या पाठीकडे बघत राहिली. मग गिरणेच्या दिशेनं तोंड करून दोन्ही हात जोडले आणि तांब्या उचलला.

"थांब व," दारातून हिलालनाना म्हणाले. "पानी जरा जास्तीच तपेल शे. कोपर बुडाडीसन देख."

आणि मंदाबाईनं मुकाट्यानं कोपर बुडवून पाहिलं.